शेवटच्याला आधी

गेल्या आठवड्यापासून आमच्याकडे पारा पस्तिशीच्या वर आहे. न्युरेम्बर्गची घरं थंडीसाठी बांधलेली. भिंती जाड, छताला पंखा नाही, आणि ऊब एकदा आत शिरली की लग्नघरच्या पाहुण्यासारखी मुक्काम ठोकते. म्हणून सकाळी आठलाच सगळ्या खिडक्यांचे रोलाडेन, म्हणजे बाहेरून उतरणारे पट्ट्यांचे पडदे, खाली ओढायचे आणि दिवसभर अंधारात बसायचं. पट्ट्यांमधल्या बारीक भोकांतून उन्हाचे ठिपके जमिनीवर पडतात. दुपारी ते सरकत सरकत हॉलमधल्या खुर्चीपर्यंत येतात. त्या खुर्चीत माझे सासरे बसलेले असतात. अप्पा. अंगात बनियन, मांडीवर शब्दकोडं, डोळे मिटलेले.

डोळे मिटलेले दिसले की मी दारात थांबतो. छाती हलतेय का बघतो. हलताना दिसली की पुढे जातो. दिवसातून किती वेळा, ते मी मोजत नाही. मेधा, माझी बायको, एकदा मला तसं उभं बघून हसली आणि म्हणाली, "जावई असावा तर असा." मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. नळ सोडला आणि तसाच उभा राहिलो.

परवा टेबलफॅन शोधायला तळघरात उतरलो होतो. इथे प्रत्येक घराच्या वाट्याला तळघरात एक जाळीची खोली येते, तिला केलर म्हणतात; जे टाकवत नाही आणि बघवत नाही ते सगळं तिथे जातं. पंख्याच्या खोक्यामागे माझे चालायचे बूट निघाले. सहा वर्षं हात न लावलेले. उलटे केले तर तळव्याच्या खाचांतून लाल धूळ पडली. चिमूटभर. तळघर थंडगार होतं, तरी मला घाम फुटला.

तो जून. ईरा तेव्हा नऊ वर्षांची होती आणि आमच्या राज्यात, बायर्नमध्ये, फिंग्स्टन ह्या ख्रिस्ती सणाची दोन आठवड्यांची सुट्टी होती. माझी सासू जाऊन वर्ष झालं होतं. अप्पा फलटणला एकटेच होते. मेधा म्हणाली, त्यांना कुठेतरी लांब नेऊया, जिथे आईची आठवण येणार नाही. अमेरिकेतल्या वाळवंटात लाल दऱ्यांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. जागा मी निवडली. हे लिहून ठेवतो, कारण नंतर घरात सगळे "आपण ठरवलं" असं म्हणू लागले.

पहिल्या सकाळी कड्यावर उभे राहिलो. समोर जमीन संपलेली. खाली थरावर थर: विटकरी, गुलाबी, मळकट पांढरा, पुन्हा विटकरी. कुठे तरी फार खाली नदीचा हिरवट धागा. एक डोमकावळा आमच्या पायांच्या पातळीखालून उडत गेला, आणि त्याची पाठ आम्हाला वरून दिसली. पक्ष्याची पाठ मी तोवर पाहिली नव्हती. पहिले बोलले ते अप्पाच.

"जावईबापू, चाळीस वर्षं मी कालव्यावर काढली. पाण्याने एवढं खणलेलं बघितलं नाही. ह्याचं टेंडर कुणाला गेलं असेल हो?"

अप्पा पाटबंधारे खात्यात होते. नीरेच्या कालव्यावर पाणी सोडायचं, पाळ्या लावायच्या, भांडणं मिटवायची. त्यांच्या बोलण्यात एक नियम वारंवार यायचा: पाटाचं पाणी शेवटच्या शेतापासून द्यायचं. वरच्याला आधी दिलं तर शेवटच्यापर्यंत ते पोचतच नाही. "शेवटच्याला आधी," म्हणायचे. हा नियम ते घरात जेवायला वाढतानाही चालवायचे. आधी मोलकरीण, मग पोरं, मग पाहुणे, सगळ्यात शेवटी स्वतः.

त्या चार दिवसांतलं किती काय अजून जसंच्या तसं आहे. खुरटी, पिळवटलेली झाडं आणि त्यांच्या खोडाला येणारा पेन्सिल तासल्यासारखा वास. दुपारी दगडाला हात लावला की तव्यासारखा चटका, आणि संध्याकाळी त्याच दगडाची पाठीला लागणारी ऊब. ईराचे मोजे, जे तीनदा धुतले तरी गुलाबीच राहिले. शांतता इतकी की स्वतःचं गिळणं ऐकू यायचं. हे सगळं सुंदर होतं, हे मला मान्य करावं लागतं. मला ती जागा भयानक आठवायला आवडली असती. तशी ती नव्हती. ती सुंदर होती आणि तिला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दरीत उतरणारी पायवाट धरली. सुरुवातीलाच पाटी होती: उतरणं ऐच्छिक, चढणं सक्तीचं, अशा अर्थाची. मी तिचा फोटो काढला. आम्ही सह्याद्रीत वाढलेली माणसं. आपला गड आधी चढायचा असतो. दम लागतो तो जाताना. पाणी अर्धं संपलं की माघारी फिरायचं, उतार आपोआप घरी नेतो. तीस वर्षं पायांत बसलेला हा हिशोब मी त्या दरीत घेऊन उतरलो. तिथे सगळं उलटं. जाताना पाय स्वतःहून पळतात, आणि जेव्हा दमता तेव्हा चढ सुरू होतो.

दीड तासाने ईराच्या टाचेला फोड आला. मेधा तिला घेऊन परत फिरली. दोन भरलेल्या बाटल्या त्यांना दिल्या. उरलेल्या दोन माझ्याकडे. मेधा म्हणाली, "अप्पा, तुम्हीही चला." अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "अजून थोडं खाली नदी दिसते. एवढ्या लांब आलोय." अप्पांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

नदी दिसली. अप्पा कठड्यासारख्या एका दगडावर बसून बराच वेळ तिच्याकडे बघत होते. म्हणाले, "हिला असायला हवं होतं." मला वाटतं, ते सासूबाईंबद्दल बोलत होते. आम्ही खजूर खाल्ले, एक बाटली संपवली, आणि परत निघालो तेव्हा सावल्या दगडाच्या बुडाशी गेल्या होत्या.

चढाचं मला सलग आठवत नाही. मी पुढे, अप्पा मागे. त्यांच्या काठीचा आवाज येत राहायचा, टक्, टक्. मग दोन टक्‌मधलं अंतर वाढू लागलं. एका वळणावर हातभर सावली होती, तिथे ते टेकले. बाटलीत निम्म्याहून कमी पाणी होतं. वर बघितलं तर वाट कड्यावर नागमोडी चढत गेलेली, आणि तिच्या टोकाला जिथे माणसं असायला हवीत तिथे फक्त आकाश. मी घाबरलो. आधी कधी न वाटलेली भीती होती ती. हिला चेहरा नव्हता. फक्त आकडा होता: एवढं पाणी, एवढी वाट.

मी बाटली पुढे केली. "अप्पा, पाणी?"

"नको नको. तुम्ही घ्या."

मी पाठ वळवली आणि सगळं पाणी प्यायलो.

इथे थांबून थोडं सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला ह्यात काही दिसणार नाही. मेधाला बघायला मी पहिल्यांदा फलटणला गेलो, तेव्हा अप्पा स्वतः जिलबी वाढत होते. मी नको म्हटलं, त्यांनी वाढली. मी पानावर हात आडवा धरला, त्यांनी हात उचलून वाढली. "घ्या हो, जर्मनीला जायचंय म्हणता. तिथे कोण आग्रह करणारे?" त्या घरात पहिलं नको हे रीत म्हणून असायचं. दुसरं नको म्हणजे समोरचा मनापासून देतोय का ते बघणं. तिसऱ्यांदा माणूस घ्यायचा. हे कुणी शिकवलं नव्हतं. आईचं दूध प्यायलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

आणि मग मी इथे आलो. पहिल्याच महिन्यात एका सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलं. बटाट्याच्या सलाडचं भांडं माझ्यापुढे आलं, मी संकोचाने म्हटलं, नाइन, दांके, म्हणजे नको, आभारी आहे. भांडं पुढे गेलं ते परत आलंच नाही. मी उपाशी घरी आलो आणि शेवया उकडून खाल्ल्या. पण हळूहळू मला ते आवडायला लागलं. किती मोकळं! नाही म्हणजे नाही. एकदा विचारलं की आपण सुटलो.

त्या सावलीत मी प्रश्न मराठीत विचारला आणि उत्तर जर्मनीच्या रीतीने ऐकलं. असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. हीसुद्धा एक पळवाट. खरं हे की त्यांचं नको कुठलं आहे ते मला त्याच क्षणी कळलं होतं. नाहीतर मी पाठ का वळवली असती?

पाव तासाने अप्पा मला "विजू" म्हणू लागले. विजू हा मेधाचा भाऊ. "विजू, गेट बंद कर रे, पाणी वाया चाललंय." मी हात धरला तर कातडी कोरडी, तापलेली. घाम नाही. मग ते वाटेवरच बसले आणि मग आडवे झाले. मी ओरडलो. दरीने माझा आवाज तीन वेळा परत दिला. मी त्यांच्यावर माझ्या अंगाची सावली धरून उभा राहिलो. देण्यासारखं तेवढंच उरलं होतं. किती वेळ, सांगता येत नाही. एक तरुण जोडपं खालून चढत आलं. त्यांनी अप्पांच्या डोक्यावर, छातीवर पाणी ओतलं, ओठ ओले केले. मुलगा वर धावत गेला. मग उद्यानाचे रक्षक आले, सलाईन, स्ट्रेचर. त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं, ह्यांनी पाणी घेतलं नव्हतं का?

मी म्हणालो, "मी विचारलं होतं. ते नको म्हणाले."

वाक्यात एक शब्दही खोटा नाही. म्हणून तर ते सहा वर्षं टिकलं.

अप्पा वाचले. दुसऱ्या दिवशी इस्पितळात त्यांनी डोळे उघडले तेव्हा मेधा रडत रडत त्यांना रागावत होती. अप्पांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. म्हणाले, "मीच नको म्हटलं गं." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी धूत होतं. पाणी वाहत होतं.

तिथून तो किस्सा झाला. अप्पांच्या हट्टाचा. फोनवर, पुण्याच्या लग्नात, इथल्या गणपतीत, मेधा तो रंगवून सांगते: "मरायला टेकले, पण पाणी घेतील तर शपथ! आमचे अप्पा म्हणजे ना!" लोक हसतात. हसून झालं की गंभीर होतात आणि म्हणतात, ह्या वयात एकटं ठेवू नका. मग विजूने फलटणचं घर बंद करून अप्पांना पुण्याला नेलं. रोज पहाटे कालव्याच्या काठाने जाणारा माणूस सोसायटीच्या आवारात लिफ्टपासून फाटकापर्यंत फेऱ्या घालू लागला. त्यांच्या फोनमध्ये मेधाने दर दोन तासांनी गजर लावून दिला. रोजच्या फोनवर पहिला प्रश्न: "पाणी प्यायलात का?" आणि ज्याने चाळीस वर्षं गावोगावच्या लोकांना पाणी वाटलं तो माणूस शाळकरी पोरासारखं उत्तर द्यायचा, "हो गं, दोन ग्लास."

हे मी ऐकत होतो. दर वेळी वाटायचं, आता बोलावं. आणि दर वेळी वाटायचं, आता इतक्या उशिरा बोललो तर न बोललेली वर्षंही सांगावी लागतील. भीती अशी साठत जाते. धरणातल्या गाळासारखी, वरून पाणी दिसतं.

ह्या उन्हाळ्यात अप्पा तीन महिन्यांसाठी इथे आले आहेत. अठ्ठ्याहत्तरचे. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर जुना कालवा आहे, बायर्नच्या राजाच्या काळातला, आता नुसता पडून असलेला. काठाने झाडं, शेवाळलेली दगडी दारं. अप्पांना तो गाडीतून दिसला तेव्हा ते सीटवरून पुढे सरकले होते.

काल रविवारी खालच्या मजल्यावरची फ्राऊ ब्रांडल, म्हणजे ब्रांडलबाई, तिच्या बागेतल्या योहानिसबेरन, लाल मण्यांसारखी आंबट फळं, घेऊन आली. बाल्कनीवर तेव्हा सावली होती. सगळे बसलो. अप्पांनी ईराला सांगितलं, "तिला विचार गं, त्या कालव्यावर सकाळी माणसं जातात का?"

ईराने विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. फ्राऊ ब्रांडल उत्साहाने म्हणाली, "जा, जा! मी रोज सहाला जाते. गारवा असतो. त्यांना एकट्यालाही जाता येईल, वाट सरळ आहे."

शेजारी जाऊन येतो म्हणावं तितक्या सहज अप्पा म्हणाले, "मग उद्या मी जाऊन येतो."

"अजिबात नाही," मेधा म्हणाली. "एकटे तर नाहीच." आणि फ्राऊ ब्रांडलकडे वळून तिने जर्मनमध्ये तो किस्सा सुरू केला. लाल दरी, चढ, आणि हे गृहस्थ. अप्पांना जर्मन येत नाही, पण हा किस्सा त्यांना कुठल्याही भाषेत ओळखू येतो. त्यांनी एक फळ उचललं आणि बोटांत फिरवत बसले. खाल्लं नाही. ते फिरणारं लाल फळ बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं:

"मेधा, मी एकदाच विचारलं होतं."

मराठीत. मेधा वाक्याच्या मध्येच थांबली.

फ्राऊ ब्रांडलने ईराकडे पाहिलं. ईराने भाषांतर केलं. "आल्झो, हे बघा," ती म्हातारी माझी समजूत घालत म्हणाली, "त्यांनी नाही म्हटलं ना? मग तुमची काय चूक?"

मेधाने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"एकदाच?"

"एकदाच. आणि मग उरलेलं सगळं मी प्यायलो."

ईरा आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होती. "पापा, वास इस्ट डेन लोस?" काय झालंय, असं. तिला शब्द सगळे कळले होते. इथे वाढलेल्या पोरीला त्यात काय झालं ते कळलं नव्हतं. तिच्यासाठी मी निर्दोष होतो, आणि त्याने मला जास्तच मेल्यासारखं झालं.

अप्पांनी फळ बशीत ठेवलं. "अहो सुहासराव, कशाला काढलंत ते?" मग दुसरीकडे बघत, "मी वाट बघत होतो खरा. दुसऱ्यांदा विचाराल म्हणून. मग म्हटलं, जाऊ दे, तहान लागली असेल. माणूसच आहे."

मेधा उठून आत गेली. फ्राऊ ब्रांडलने टोपली उचलली आणि, कधी निघावं हे इथल्या माणसांना चांगलं कळतं, निघाली.

अप्पांनी मला तहान लागली असेल असं समजून माफ केलं होतं. ते तसंच राहू दिलं असतं तर चाललं असतं. मी रात्रभर तेच घोळवलं.

आज पावणेसहाला अप्पा दारात बूट घालत होते. मेधाने बाटली भरून आणली. "घ्या." "एवढी कशाला?" "घ्या अप्पा." "अगं, जड होते." "घ्या म्हणते ना." त्यांनी घेतली. ती मला म्हणाली, कालपासूनचं पहिलं वाक्य, "तू जाऊ नकोस. त्यांना एकटं जाऊ दे."

ती आत गेल्यावर मी अप्पांपाशी बसलो. त्यांच्या बुटाची नाडी सुटत होती, ती मी बांधली. मान खाली होती म्हणून बोलता आलं.

"अप्पा, त्या दिवशी मला तहान नव्हती."

"मग?"

"भीती वाटली. पाणी संपेल म्हणून. म्हणून संपवलं."

त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. मी नाडीला उगीच दुसरी गाठ मारली.

"आता वाटतेय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"वाटू द्या," म्हणाले. काठी घेतली, दार उघडलं. "आठपर्यंत येतो."

सात वाजून पन्नास मिनिटं झाली आहेत. मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून हे लिहितो आहे. रोलाडेन ओढायची वेळ झालीय, पण आज ओढलेले नाहीत. ह्या खिडकीतून रस्ता वळणापर्यंत दिसतो. समोरच्या भिंतीवर ऊन उतरलं आहे. कालव्यावर झाडं आहेत, सावली आहे, बाटली भरलेली आहे, फ्राऊ ब्रांडलही तिकडेच असेल. हे सगळं मी दर मिनिटाला पुन्हा म्हणतो.

मेधा आत आली. तिने ओट्यावर चहाचं पातेलं ठेवलं, गॅस लावला, खिडकीतून एकदा वळणाकडे पाहिलं.

"चहा घेणार?"

"नको," मी म्हणालो. सवयीने.

तिने एकच कप काढला. त्यात चहा गाळला, तो उचलला आणि बाहेर निघून गेली.

वळणावर अजून कुणी दिसत नाही.